निंबा आबाच्या अंघोळीचं पाणी

देवपुरात पांझरेच्या काठाला आमची वस्ती आहे. इथे कुणी मेलं की रडण्याआधी लोक घरातला ड्रम उघडून बघतात. नळ आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा, आणि मेलेला माणूस नळाची वाट बघत नाही. म्हणून आमच्याकडे मरणाचा पहिला निरोप नातेवाइकांना जात नसे. बेबाबाईला जाई.

बेबाबाई साक्री तालुक्यातली, पिंपळनेरच्या बाजूची. लग्न होऊन वस्तीत आली. कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये भाकरी थापायची. मेसला बोअर आहे. निरोप आला की पिठाचे हात पुसायची, मालकिणीला सांगायची, "ताई, दोन हंडे नेते, मयत शे," आणि एक डोक्यावर, एक कमरेवर घेऊन निघायची. बाईमाणसाचं मढं असेल तर अंघोळही तीच घालायची. घरच्या सुना नाकाला पदर लावून दारात उभ्या, आणि ही आत मेलेल्या बाईच्या टाचेच्या भेगा चोळत म्हणतेय, "आते तरी बस निवांत, माय."

एका वर्षी उन्हाळ्यात एक बाळंतीण गेली. मेस सुटीमुळे बंद. पाणी इतकं कमी की बेबाबाईने तिला ओल्या फडक्याने पुसून वाटेला लावलं. लोक म्हणतात, त्या दिवसापासून बेबाबाई बदलली. खोटं आहे. बाई तशीच होती, तिचा राग जागा झाला. रागाची मला चांगली ओळख आहे.

मग महापालिकेची निवडणूक लागली. मारुतीच्या पारावर बायका जमल्या. मला बोलावलं, कारण वस्तीतले अर्ज, तक्रारी, पत्रकं मी लिहितो. शाळा सातवीत सुटली, पण माझ्या अर्जाला उत्तर न देणारा साहेब अजून जन्मायचा आहे. ठरवायचं एवढंच होतं की वस्तीला आधी काय हवं. रत्ना, बेबाबाईची शेजारीण, म्हणाली गटार. कुणी म्हणालं खांबावर दिवे. भांडण रंगलं. शेवटी म्हाताऱ्या सुनंदाबाईने काठी आपटली.

"दिवा नसला ते अंधारामा मरसूत. पन मेल्यावर आंग तरी धुवा ना, माय!"

सगळ्या हसल्या आणि तिथेच ठरलं. आधी पाणी. तिसऱ्या दिवशी नळ, ठरलेल्या वेळी. बाकी सगळं नंतर. आणि हे मागायला महापालिकेत पाठवायचं कोणाला, तर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. बेबाबाई पदराने घाम पुसत म्हणाली, "माले भाषण नही येत." मी म्हणालो, "ज्यांना येतं त्यांनी काय दिवे लावले?"

आमचा जुना नगरसेवक नवलभाऊ. त्याचे टँकर चालतात. नळाला पाणी नाही आणि टँकरला आहे, हे कोडं मला सुटतं, मोठमोठ्या साहेबांना सुटत नाही. तो स्वतः एका जागेवर उभा होता आणि बायकांच्या राखीव जागेवर त्याच्या पॅनलची एक बाई. बेबाबाई तिच्याविरुद्ध अपक्ष. चिन्ह मागितलं बादली, मिळाला छताचा पंखा. रत्ना म्हणाली, "अक्का, पानी नही ते नही, वारा ते भेटी!" प्रचारात आम्ही हसलो ते तेवढंच.

कारण नवलने टँकर फुकट सोडले. प्रत्येक टँकरवर त्याचा हात जोडलेला फोटो, आणि ड्रायव्हर पाइप धरून विचारायचा, "काकू, भरू का?" आठवडाभर कोरडा पडलेला ड्रम असताना नाही म्हणायला छाती लागते. बायका ढिल्या पडायला लागल्या. बेबाबाईच्या ते लक्षात आलं आणि तिने जे केलं ते आमच्या खान्देशातली बाईच करू शकते. तिने देवघरातून कानबाईचं नारळ बाहेर काढलं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. घरची देवी. पिढीजात नारळ, त्याला नथ, डोळे, दागिने. एरवी ते डब्यात बंद असतं, अवेळी कुणी हात लावत नाही. बेबाबाईचा सासरा निंबा आबा खाटेवर उठून बसला. "बेटा, माय कानबाईले त्या भानगडमा नको आनू."

"आबा, पानी भानगड नही."

ओट्यावर पाट मांडला, पाटावर नारळ. एकेक बाई आली, नारळाला हात लावून आण घेतली, की मतदान होईपर्यंत नवलच्या टँकरचा थेंब घरात घेणार नाही. बेबाबाईने शेवटी स्वतः हात ठेवला आणि वर जोडलं, "जित्यासाठी नही, मेल्यासाठीबी नही." मी बाजूला घेऊन म्हणालो, एवढं लांब जाऊ नका. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही कागद लिखा. देवीचं मी बघते."

आणि बघितलंही तिने. चार दिवसांत सुनंदाबाईचा नवरा गेला. पोरगा टँकरला फोन लावायला निघाला. बेबाबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. "आण शे, बेटा." ती मेसचे दोन हंडे घेऊन आली. तेवढ्याच पाण्यात म्हाताऱ्याची अंघोळ झाली. स्मशानातून परत आलेल्या माणसांनी लोटाभर पाणी दहा जणांत वाटून बोटं ओली केली. सुनंदाबाई नुसती हंड्याच्या तळाकडे बघत होती. वस्तीत मात्र बेबाबाईचा बोलबाला झाला. नवल चौकात भेटला तेव्हा हसत म्हणाला, "अक्का, पाण्याशी कशाला वैर? वैर माझ्याशी करा ना."

"तुम्ही वेगळे कधी होते, भाऊ?" ती म्हणाली. चहावाल्यासकट सगळा चौक हसला. तिथे आम्ही जिंकलो होतो. मी अजून म्हणतो.

प्रचार संपत आला आणि निंबा आबा सकाळी खाटेवरून उठलाच नाही.

बेबाबाई हंडे घेऊन मेसकडे गेली. मी सोबत होतो. मालकिणीने दार अर्धंच उघडलं. "बोअरची मोटर जळाली, बेबाबाई." खाली बघून बोलली. मागच्या बाजूला मोटर घरघर करत होती, तिघांनाही ऐकू येत होती. मेसची जागा कुणाच्या माणसाची आहे ते मला माहीत आहे, सांगून उपयोग नाही. माझं तोंड सुटणार होतं, बेबाबाईने माझी बाही धरली. "तिलेबी पोट शे, चला."

रत्नाने एक कळशी आणली. आणखी दोघींनी घरातलं पिण्याचं आणलं. पण गावाकडून भाऊबंदांच्या जीपा यायला लागल्या होत्या. आबाला अंघोळ, घर धुणं, मातीहून परत येणाऱ्यांचे हातपाय. तीन कळशा कुठे पुरणार? धाकटा दीर समाधान बाजूला जाऊन फोनवर बोलला. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी टँकर लागला. मागून नवल स्वतः आला. पांढरे कपडे, अनवाणी. एक शब्द न बोलता पुरुषांमध्ये जाऊन खाली बसला. हुशार माणूस. बोलला असता तर मी त्याला तिथेच धरला असता.

बेबाबाई टँकरपुढे जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाजूले हो," समाधान म्हणाला.

"समाधान, आण शे."

"आण तुनी शे. बाप मना शे."

तिने नवऱ्याकडे बघितलं. योगराज जमिनीकडे बघत होता. मी ओरडलो, "बापाच्या मढ्यावर मतं विकतो का रे?" तर भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्याने मला झापलं, "भो, मयतमा तोंड आवर! सासराले बिगर अंघोळनं धाडशी का ती?" आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच मढं अडवलंय.

तेवढ्यात समोरच्या घरातून सुनंदाबाई बाहेर आली. हातात लोटा, काठोकाठ भरलेला. ती मोठ्याने बोलली नाही. "मना मानूसले इतलाच पुरना, बेबा. आबाले टँकर लागस का?"

बेबाबाई बाजूला झाली.

पाइप सुटला. आबाला भरपूर पाणी मिळालं, सात पिढ्यांत कुणाला मिळालं नसेल एवढं. अंगणातून वाहून गल्लीत आलं. मातीहून आलेल्या माणसांनी चूळ भरली, पाय चोळून धुतले. टँकर, नवल आणि तिरडी एका चौकटीत घेतलेला फोटो चिता विझायच्या आत वस्तीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता.

मग सुतक. सुतकात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. प्रचाराचे उरलेले दिवस बेबाबाई गल्लीच्या टोकाला उभी राहायची आणि मी दारोदार पत्रकं द्यायचो. रत्नाच्या सासूने पत्रक घेतलं नाही. "आण मोडेल बाई, वरून सुतकी," ती म्हणाली, हळू पण ऐकू जाईल असं. रत्नाने मान खाली घातली. त्यांच्या ओट्याखाली नवलच्या पाइपचा ओलावा होता. आण सगळ्यांचीच मोडली होती. पण पहिली मोडली बेबाबाईच्या दारात, म्हणून बाकीच्यांचं पाप तिच्या नावावर जमा झालं. असा हिशेब आमच्या लोकांना कुठल्या शाळेत न जाता येतो.

नवलचं पॅनल आलं. आमच्या केंद्रावर पंख्याला पडलेली मतं बेबाबाईच्या वस्तीतल्या भाऊबंदांपेक्षाही कमी होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मेसची मोटर दुरुस्त झाली. फुकट टँकर बंद झाले.

उन्हाळा लागताच सुनंदाबाई गेली. बेबाबाईला निरोप आला नव्हता. ती मेसचे हंडे भरून तरीही गेली. सुनंदाबाईची सून दीपमाला दारात आडवी उभी होती. आवाज मऊ होता. "अक्का, हंडे ठेवा बाहेर. अंघोळ आम्ही घालतो." विकतचा टँकर आधीच उभा होता, त्यावरचा फोटो उन्हाने फिका पडलेला.

बेबाबाईने हंडे उतरवले आणि समोरच्या ओट्यावर बसली. आत पाण्याचा आवाज येत होता. मध्येच ती सवयीने पुटपुटली, "टाचा घासा तिन्या," पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिरडी निघाली, माणसं परत आली, पाइपने हातपाय धुऊन गेली. हंड्यांना कुणी हात लावला नाही. मी म्हणालो, "घरी न्या, प्यायला होईल." ती म्हणाली, "मयतसाठी आनेल पानी कोन पी?" आणि दोन्ही हंडे पांझरेत नेऊन ओतले. पात्रात नुसती वाळू. आवाजसुद्धा झाला नाही.

परतताना मी विचारलं. मला गप्प बसता येत नाही. "पुढच्या वेळी परत उभ्या राहणार ना?"

रिकामे हंडे एकमेकांवर आपटत होते. तिने ते थांबवले.

"उभी राहसू, भाऊ. पन मनासंगे आते आण कोन लेई?"