मागच्या दाराकडचा चर

फोडमामांनी आयुष्यात एकही फरशी बसवली नव्हती. बावीस वर्षं दुसऱ्यांनी बसवलेल्याच फोडत आले होते. त्यापायी बोटं बधिर, कान मंद आणि आवाज मोठा. बायको म्हणायची, "तुम्ही कुजबुजलात तरी गल्लीला कळतं."

त्या दिवशीचं काम तसं साधं होतं. एका म्हाताऱ्या सुतारकाकांना अर्धांगवायू झालेला; उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांच्या खोलीतच बाथरूम करायचं होतं आणि सांडपाण्याच्या चेंबरपर्यंत जमीन फोडून चर काढायचा होता.

"चेंबर मागच्या दारापाशी आहे," काकूंनी सांगितलं.

मामांनी सूत धरून खडूनं रेघ मारली आणि जमीन फोडायचा ब्रेकर लावला. दोन मिनिटंही झाली नसतील, पलंगावरून काका काठी आपटायला लागले. काकू धावत आल्या.

"थांबा हो, यांना आवाज सोसत नाही."

मामा थांबले. काकूंनी नवऱ्याला पाणी पाजलं, कानात कापूस घातला. पुन्हा ब्रेकर, पुन्हा काठी. दुपारपर्यंत सात वेळा हेच. शेवटी चर खोलीबाहेर गेल्यावर काकूंनी मधलं दार लावून घेतलं. त्यात जमीन अशी चिवट, की मामांच्या नाकी नऊ आले. वरचा कोबा फोडावा तर खाली आणखी एक, त्यात बोटभर जाडीच्या सळया. मनगटं झिणझिणत होती.

"कुणी ओतलंय हो हे?"

"यांनीच. सगळं घर स्वतःच्या हातांनी बांधलंय."

"तरीच! तेव्हा जमिनीला छळलं, आता मला," मामा पुटपुटले. पण पुटपुटणं मामांचं. दाराआडही स्पष्ट ऐकू गेलं.

संध्याकाळी चर मागच्या दाराशी पोचला. मामांनी पहार घातली. नुसती माती. उजवीकडे माती, डावीकडे माती.

"काकू, अकरा फूट फोडलंय मी! कुठाय चेंबर?"

"अहो, इथंच तर होतं..."

तेवढ्यात काठी आपटली. मामांचं डोकं फिरलं. तरातरा खोलीत जाऊन ते ओरडले, "आता तर ब्रेकर बंद आहे ना, काका? मग कशाचा त्रास होतोय?"

काकांनी डाव्या हातानं काठी खिडकीकडे रोखली. मग वाकून जमिनीवरच्या धुळीत खिडकीच्या दिशेनं एक रेघ ओढली. रागानं त्यांचे डोळे भरून आले होते.

मामा बाहेर गेले, खिडकीखाली पहार ठोकली. आवाज पोकळ आला.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! अंगण केलं तेव्हा इकडे घेतलं होतं. विसरलेच मी."

खिडकीपासून बाथरूमची जागा जेमतेम चार फुटांवर होती.

"सकाळपासून हेच सांगत होतात?" मामांनी खिडकीतून विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"उद्या येतो," मामा म्हणाले. निघताना त्यांनी राडारोड्याच्या ढिगाला सणसणीत लाथ घातली आणि अंगठा धरून तिथंच खाली बसले.