न मागितलेली परवानगी

यिशुनच्या त्या फ्लॅटच्या करारात प्राण्यांना मनाई करणारं एक छापील कलम होतं. त्याच्याशेजारी घरमालकिणीने निळ्या पेनाने ‘एक मांजर चालेल’ असं लिहून सही केली होती. तेवढ्या एका ओळीसाठी मी दीड महिना वणवण केली होती.

नवरा बोटीवर इंजिनियर, वर्षातले सात महिने समुद्रात. परक्या देशात घर शोधायचं काम माझं. वन-नॉर्थमधलं ऑफिस सुटलं की एजंटबरोबर फ्लॅट बघायला जायचं. स्वयंपाक रोज करणार का, फोडणी घालता का, असं घरमालकांचं विचारून झालं की मीच सांगायची, आमच्याकडे एक बोका आहे. पुढे बोलणंच होत नसे. एका मालकाने तर मी चपला घालत असतानाच लिफ्टचं बटण दाबून ठेवलं होतं.

या घरमालकीण आंटी वेगळ्या निघाल्या. सत्तरीच्या, निवृत्त नर्स. तीस वर्षं त्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये राहिल्या होत्या आणि आता सेम्बावांगला मुलाकडे राहत होत्या. बोका बघितल्याशिवाय काही सांगणार नाही म्हणाल्या आणि खरंच आमच्या जुन्या घरी आल्या. फरशीवर बसल्या. बोक्याने त्यांची पर्स हुंगली.

“सोफ्याला नखं लावतो?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, सगळे नाहीच म्हणतात, आणि मग सोफा मला बदलावा लागतो. त्याच आठवड्यात करार झाला.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. आंटींचं आणि तिचं लगेच जमलं. आंटी महिन्या-दोन महिन्यांनी टपाल न्यायला येत, तेव्हा ती त्यांना गृहपाठ दाखवायची, बोक्याला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायची. आजी पुण्यात, बाबा बोटीवर. घरात येऊन निवांत बसणारं मोठं माणूस आंटींशिवाय कुणी नव्हतं.

आमच्या ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक अंकल एकटे राहायचे. जन्मभर शिपयार्डमध्ये वेल्डिंग केलेलं, त्यामुळे एका कानाने कमी ऐकू यायचं. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत एक तिरंगी मांजरी होती, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं. तिला अंकलच खायला घालायचे. वय झाल्यावर तिचे दात काढावे लागले, तेव्हापासून ते तिला दिवसा घरी घेऊन जायचे आणि मऊ भात-मासा कालवून भरवायचे. माझी मुलगी शाळेतून आली की पाऊण तास त्यांच्या दारात बसलेली असायची.

दीड वर्षाने अंकलनी मला खाली गाठलं. मुलगा त्यांना आपल्याकडे सेम्बावांगला घेऊन जाणार होता. नातवाला दमा, त्यामुळे मांजरी तिकडे नेता येणार नव्हती. ती पुन्हा खाली एकटी राहिली तर जगणार नाही, असं ते म्हणाले. तुमच्याकडे एक आहेच, दुसरी घ्याल का? आमच्यासारख्या सरकारी फ्लॅटमध्ये आता दोन मांजरं ठेवता येतात, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. फक्त घरमालकाची संमती हवी. शेवटी म्हणाले, “तुझ्याकडे असली तर मला रविवारी येऊन बघता येईल.”

मी म्हटलं, आंटींना विचारते.

मी विचारलं नाही.

आमचा करार दोन महिन्यांनी संपत होता. आंटी तो वाढवून देतील की नाही, माहीत नव्हतं. माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे नोकरीच्या परवान्याचं, नूतनीकरणही त्याच सुमारास होतं. दुसऱ्या मांजराचा विषय काढला आणि आंटींना वाटलं की ही आता पसरत चालली, तर? पुन्हा ते एजंट, ते दाराशीच परत फिरणं, तेही नवरा नसताना. मी मेसेज टाइप केला. दोनदा सुधारला, मग खोडला. उद्या बघू म्हटलं. पाच दिवस तेच केलं. अंकलची जायची तारीख जवळ आली. मुलगी शाळेतून आल्या आल्या तोच एक प्रश्न विचारू लागली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या करत होते. तिने परत विचारलं आणि मी तव्याकडे बघत म्हटलं, “आंटी नाही म्हणाल्या.”

इतकं सोपं गेलं ते. तिने वाद घातला नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंकलनाही तेच सांगितलं. त्यांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं, मोठ्या आवाजात. तेव्हा मात्र मला माझाच आवाज नकोसा झाला. ते म्हणाले, तिचं घर आहे, तिचा हक्क आहे. आणि माझे आभार मानले.

मांजरांसाठी काम करणाऱ्या एका बाईंनी पासिर रिसला तिची तात्पुरती सोय केली. आम्ही तिघं टॅक्सीने तिला पोचवायला गेलो. अंकल पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते आणि एक बोट जाळीतून आत घातलेलं होतं. तिथे पोचल्यावर त्यांनी त्या बाईंना भात किती मऊ लागतो ते समजावून सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं.

चिनी नववर्षाला आंटी संत्री घेऊन आल्या. मुलगी खोलीतून बाहेर आली नाही. मी आत जाऊन सांगितलं, तर इथल्या शाळकरी मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, “डोन्ट वाँट लाह.” आंटींना ते ऐकू गेलं. त्यांनी संत्री टेबलावर ठेवली आणि अभ्यास असेल म्हणून विषय बदलला. पुढच्या वेळी लिफ्टजवळ समोरासमोर आल्या, तेव्हा मुलगी फोनमध्ये बघत बाजूने निघून गेली. मी तिला रागावले. कोणत्या तोंडाने रागावले कोण जाणे.

मार्चमध्ये कराराच्या सह्या झाल्या. आंटींनी दोन वर्षांसाठी विनातक्रार वाढवून दिला. पेनाचं टोपण लावता लावता त्या म्हणाल्या, “मी नाही म्हटलं, असं मला कळलंय.”

त्या सांगत राहिल्या. सेम्बावांगच्या बाजारात त्यांना अंकल भेटले होते. एकाच ब्लॉकमध्ये तीस वर्षं काढलेली माणसं. ती एकमेकांना ओळखत असणार, हे मला सुचायला हवं होतं. अंकलनी गाऱ्हाणं केलं नव्हतं. उलट, राग मानू नका, मीच तुमच्या भाडेकरू बाईला भरीला घातलं होतं, असं म्हणून माफी मागितली होती.

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत?” मी विचारलं.

“काय सांगणार? म्हटलं, सॉरी.” मग त्या म्हणाल्या, “विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं. ती पिल्लू असताना माझ्याच दारात झोपायची.”

मी माफी मागितली. भीती वाटली, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. भाडेकरूला घरमालकाची भीती वाटते हे त्यांना समजत होतं, पण आपली वाटावी याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. निघताना आतल्या बंद दाराकडे बघून त्यांनी विचारलं, तिला सांगणार आहेस का? मी हो म्हटलं.

त्याच दुपारी मी पासिर रिसच्या बाईंना फोन केला. मांजरी एका कुटुंबात कायमची गेली होती, तिथल्या आजींच्या पायाशी दिवसभर पडून असते म्हणाल्या. आता तिला पुन्हा हलवणं बरं नव्हतं. त्यांनी एक फोटो पाठवला. तो मी अंकलना द्यायला हवा होता. त्यांचा मुलाकडचा पत्ता आंटींकडून सहज मिळाला असता. पण फोटो द्यायचा म्हणजे खरं काय झालं तेही सांगायचं. ते जमलं नाही. एका रविवारी ऑफिसच्या कामाला निघाले असताना अंकल आमच्या ब्लॉकखालच्या दगडी बाकावर बसलेले दिसले. मी मागच्या जिन्याने गेले.

मुलीलाही मी लगेच सांगितलं नाही. परीक्षा होऊ दे, बाबा येऊ दे, असं करत दोन वर्षं होत आली. मग आंटींना फ्लॅट विकावा लागला आणि आम्हाला नोटीस आली. पत्र वाचून मुलगी म्हणाली, “तिच्याकडून दुसरं काय होणार.” तेव्हा मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं.

ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ सोफ्याचा निघालेला दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी त्यांच्याशी उगाचच तशी वागले.” आणि थोड्या वेळाने, “अंकलना माहितीये?”

मी नाही म्हटलं. ती उठली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, “मग चल.”

आंटींकडून पत्ता घेऊन आम्ही गेलो. अंकल आता वॉकर घेऊन चालत होते. मी त्यांच्या बऱ्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, फोटो हातात धरला आणि चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला. जाडी झाली, म्हणाले. नातवाला हाक मारून त्यांनी त्याला फोटो दाखवला. आंटींना मुलीने स्वतः पत्र लिहिलं. चाव्या परत करायच्या दिवशी दोघी रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर बसून बोलत होत्या. काय ते मी विचारलं नाही.

आता आम्ही दुसऱ्या ब्लॉकमध्ये राहतो. बोका म्हातारा झालाय. नव्या घरमालकाने भिंतीला खिळे मारायला नाही म्हटलं, असं मी परवा मुलीला सांगितलं. तिने फोनसाठी माझ्यापुढे हात केला. मी फोन उघडून मालकाचा मेसेज दाखवला. तिने तो वाचला, फोन परत दिला आणि आपल्या कामाला लागली. तिने तसं केलं यात तिची काहीच चूक नव्हती.