उसांबाराहून आणलेली खुशाली

आखातातल्या आमच्या फुजैरात डोंगरांना तोटा नव्हता, पण सगळे बोडके. दहा वर्षं खिडकीतून तो उघडा दगड पाहून माझं डोकं उठलं होतं. म्हणून त्या वर्षीच्या रजेतले दहा दिवस पुण्याला न देता टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत पायी हिंडायचं, असं मी जाहीर करून टाकलं. "आफ्रिकेत? तिथे कोण आहे आपलं?" सासूबाईंनी फोनवर विचारलं. बायको मात्र दुसऱ्याच दिवशी बूट घेऊन आली.

आपलं म्हणावं असं एक माणूस होतं. आमच्या तेलाच्या टर्मिनलवरचा एक पंप ऑपरेटर त्याच डोंगरांतला. माझ्याच शिफ्टला होता, आणि आखातात आल्यावर सगळे शिकतात तसं कामचलाऊ हिंदी शिकला होता. दोन वर्षांनी मिळणारी त्याची रजा पुढच्या महिन्यात मंजूर झाली होती. गावाकडच्या त्याच्या बहिणीचं म्हणणं, रजा पुढे ढकल आणि ईदेला ये, म्हणजे सगळी भावंडं भेटतील. ईद पाच महिन्यांवर होती.

"सर, आप अम्मा को देखके आओ," तो म्हणाला. "फिर मैं फैसला करता हूँ."

बरोबर आईसाठी एक जाडजूड ब्लँकेट दिलं. आखातातून कुणी कुठेही निघालं की एक ब्लँकेट निघतंच. बायकोनं माझे दोन स्वेटर काढले तेव्हा कुठे ते बॅगेत बसलं.

लुशोटो गावातून आम्ही एक वाटाड्या घेतला, निवृत्त शाळामास्तर. खाली केळीच्या बागा, मधल्या उतारांवर कोबी-बटाट्याचे वाफे, आणि वर कापराच्या झाडांचं दाट रान. धुकं इतकं की पुढे चाललेल्या बायकोची नुसती बडबड ऐकू यायची. ती भराभर चढे, मी दर वळणावर फोटोचं निमित्त काढून थांबे. वाटेत वयानं मोठं कुणी भेटलं की धाकट्यानं 'शिकामू' म्हणायचं आणि थोरल्यानं 'मरहबा' म्हणून ते स्वीकारायचं, हे मास्तरांनी शिकवलं. माझे केस लवकर पिकलेले. दिवसभर मीच 'मरहबा, मरहबा' करत चाललो आणि बायको हसून बेजार.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी पोचलो. आई खाटेवर होती. दोन्ही हातांनी आधार घेऊन उठून बसली. पाय सुजलेले, चार शब्द बोलली की धाप लागत होती. मी 'शिकामू' म्हटलं. तिला उत्तर द्यायला वेळ लागला. ब्लँकेट तिनं उलगडलं नाही, नुसता त्यावर हात ठेवला. मग बायकोचा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मास्तरांनी ते आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं: "पुढच्या महिन्यातच ये म्हणावं. ईद फार लांब आहे."

"अहो, त्याला नीट सांगा हं," उतरताना बायको म्हणाली.

"बघू," मी म्हणालो.

आखातातल्या आमच्या लोकांची एक रीत होती. कुणी गावी जाऊन आला की शेजाऱ्याच्या, सहकाऱ्याच्या घरची खुशाली घेऊन यायचा, आणि ती नेहमी चांगलीच असायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे फार तर गुडघे दुखत असत. रजेशिवाय जाता येत नाही, मग उगाच जिवाला घोर कशाला, असा हिशेब. माझ्या वडिलांना झटका आल्याचं मला चार महिन्यांनी कळलं होतं, आणि त्यात मला काही गैरही वाटलं नव्हतं.

कामावर रुजू झालो त्या सकाळी तो जेट्टीवर माझी वाटच पाहत होता.

"अम्मा कैसी है, सर?"

"एकदम ठीक. थोडा पैर दुखता है, बस."

तोंडातून ते आपोआप आलं. याची रजा मंजूर झालेली आहे, हा उद्या उठून जाऊ शकतो, हे मला सुचलंच नाही, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे पंपांच्या ओव्हरहॉलचं काम तोंडावर आलं होतं, आणि तेही माझ्या मनात होतं. तो मोकळेपणानं हसला. मग ईदेलाच जातो, म्हणाला. मी इन्शाल्ला म्हणालो. घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्याशी दोन दिवस धड बोलणं टाकलं.

सात आठवड्यांनी त्याला फोन आला. तो पोचेपर्यंत दफन उरकलं होतं.

तो परतल्यावर मी त्याच्या खोलीवर गेलो. मला लाज वाटत होती, आणि या वेळी खोटं बोलायचं नाही एवढं ठरवून गेलो होतो.

"उन्होंने कुछ बोला था?" त्यानं विचारलं.

पाय, धाप, तो निरोप, मी सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं तेही सांगितलं. तुमको तकलीफ होती, म्हणालो.

"तकलीफ मेरी थी, सर," तो आवाज न चढवता म्हणाला. "आपने अपने पास क्यों रख ली?"

आठवड्याभरात त्यानं दुसऱ्या शिफ्टसाठी अर्ज केला. कारणाचा रकाना कोरा होता. मी काही न विचारता सही केली.