उत्तरार्ध न पाहता दिलेला निकाल

या वर्षी मी पाहिलेल्या निम्म्या सिनेमांत नायकाला दाढी होती आणि उरलेल्या निम्म्यांत दाढीलाच नायक चिकटवलेला होता. तो हळूहळू चालतो, त्याच्या मागे काहीतरी जळत असतं, आणि पार्श्वसंगीत म्हणून कुणीतरी पत्र्याच्या पिंपात तोंड घालून ओरडत असतं. सव्वातीन तास हे सहन केल्यावर पडद्यावर अक्षरं येतात की हा पहिला भाग होता.

ऐतिहासिक सिनेमांबद्दल तर बोलायचीच सोय राहिलेली नाही. सिनेमा आवडला नाही म्हटलं की लोकांना वाटतं याला इतिहासच आवडत नाही. मला इतिहास आवडतो. संगणकात जन्मलेले आणि जमिनीला पाय न लागणारे घोडे आवडत नाहीत, आणि साधं ‘पाणी आणा’सुद्धा गर्जना करून सांगणारे सरदार आवडत नाहीत.

चाळीवरचेही दोन सिनेमे आले. दोन्हींत दारांना पोपटी रंग, गॅलरीत कुंड्या, आणि कुणाच्या घरात काही झालं की सगळे मजले कठड्याला टेकून एका सुरात गातात. माझा जन्म चाळीत गेला. आमच्याकडे सगळे मजले एकाच वेळी बाहेर येतात ते फक्त पाणी गेल्यावर, आणि त्या वेळी कुणी गात नाही.

गाण्यांना मी गाणी म्हणायचं सोडून दिलं आहे. आधी चाळीस सेकंदांचा तुकडा बनवतात, मग त्यावर लोकांनी हात कसे हलवायचे ते ठरवतात, आणि वेळ उरला तर अंतरा जोडतात. गळा यंत्रातून काढून इस्त्री केलेला. मराठी गाणं असेल तर नथ, नऊवारी, मोटारसायकल आणि ‘पोरी’. गणपतीत लालबागपासून काळाचौकीपर्यंत प्रत्येक बेंजो पार्टी एकच गाणं वाजवत होती, आणि ते गाणंही तीस वर्षांपूर्वीच्या एका गाण्याला रंग फासून उभं केलेलं.

ही माझी मतं आहेत आणि ती मी मनात ठेवत नाही. घोडपदेवच्या आमच्या चाळीत जिन्याखाली मंडळाचा काळा फळा आहे. एरवी त्यावर सुविचार, पाणी न येण्याची सूचना, कुणाचं तेरावं, दहावी पास झालेल्यांचं अभिनंदन. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मात्र तो फळा माझा असतो. विशीत असल्यापासून त्यावर मी वर्षाचा निकाल लिहितो. सिनेमा, गाणं, आणि पुढे एकेक ओळ: पास, नापास, पुन्हा परीक्षेला बसवावे. बहुतेक नापासच. शेजारच्या चाळीतली माणसं वाचायला येतात. आता फोटो निघतात आणि अर्ध्या तासात कॉटन ग्रीनला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याचा फोन येतो की भावजी, या वर्षी जरा जास्तच कापलंत. मला ते ऐकायला आवडतं. विमा कंपनीत सव्वीस वर्षं कारकुनी करणाऱ्या माणसाचं मत कुणी मागत नाही. हे मत लोक मागतात.

म्हणूनच जे केलं ते लिहून टाकायला हवं.

आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून, माझा मित्र राहतो. बस डेपोत मेकॅनिक आहे. शाळेपासून आम्ही सिनेमे एकत्र पाहत आलो. फरक एकच. सिनेमा भिकार निघाला तर मी मध्यंतरात उठतो आणि तो उठत नाही. तिकीट पूर्ण काढलंय तर अपमानही पूर्ण घेऊन जाऊ, असं तो म्हणतो. मी उठण्याचा अभिमान बाळगत आलो. मला वाटायचं, यालाच दर्जा म्हणतात.

त्याला नाटकाचं वेड. कामगारांच्या नाट्यस्पर्धांत तो वीस-बावीस वर्षं उभा राहिला आणि एकदा त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. ते प्रमाणपत्र त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. त्याच्या नाटकांवर मी तोंडावर टीका करायचो. तो शिव्या घालायचा आणि पुढच्या प्रयोगाला मला पुन्हा बोलवायचा.

डिसेंबरात एक मराठी भुताचा सिनेमा लागला. मित्राला डेपोत ड्यूटी होती म्हणून मी एकटाच गेलो. कोकण दाखवलं होतं ते ज्यांनी कोकण फक्त ड्रोनमधून पाहिलंय त्यांनी. माड, माड, वरून माड. मुंबईहून आलेली चार तरुण पोरं, बंद घर, आणि मालवणी म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक हेल. आमच्या आईने ती भाषा ऐकली असती तर विचारलं असतं, ही पोरां खंयची? मध्यंतर झालं, मी उठलो, खाली येऊन चहा प्यायलो आणि घरी आलो.

रविवारी फळ्यावर लिहिलं: ‘मध्यंतरापर्यंत भूत आलं नाही. भूत शहाणं आहे.’ इथे थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मागे तीन-चार जण उभे राहून वाचत होते, हसत होते, आणि खडू हातात होता. मी पुढे लिहिलं: ‘उत्तरार्धात तर एकालाही अभिनय येत नाही. नापास.’

उत्तरार्ध मी पाहिला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी वहिनी, म्हणजे मित्राची बायको, आमच्या दारात आली. आत आली नाही. माझ्या बायकोशी दोन शब्द बोलली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “भावजी, ते होते त्याच्यात. दुसऱ्या भागात.”

मला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं. मे महिन्यात तो गावाला लग्नाला जातो म्हणून दोन दिवस रजेवर गेला होता, ते लग्न नव्हतं, शूटिंग होतं. नाटकातल्या एका जुन्या ओळखीने त्याचं नाव दिग्दर्शकाला सुचवलं होतं. चाळीत त्याने कुणाला सांगितलं नाही आणि तिलाही बोलू दिलं नाही. कारण मी होतो. त्याला माझं मत फळ्यावर वाचायचं होतं. आधी कळलं तर मी एकतर मुद्दाम कापीन नाहीतर मुद्दाम सोडीन, असं त्याचं म्हणणं. शनिवारी दोघं जाऊन सिनेमा पाहून आली होती. रविवारी सकाळी दूध आणायला उतरला तेव्हा त्याने फळा वाचला.

“काही बोलत नाहीत,” वहिनी म्हणाली. “डब्यात दिलेलं तसंच परत आणतात.”

ती गेली. बायकोला ठाऊक होतं सिनेमाच्या दिवशी मी किती वाजता घरी परतलो होतो. तिने भांडी विसळायला घेतली, तीही जरा जास्त जोराने.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सिनेमाचा एकच खेळ उरला होता, परळच्या एका मॉलमध्ये, सकाळी सव्वानऊला. मराठी सिनेमाला देतात त्या वेळा बघितल्या की वाटतं प्रेक्षकांनी प्रातर्विधी उरकून थेट तिथेच यावं. आम्ही पाच जण होतो आणि त्यातली दोघं सिनेमासाठी आलेली नव्हती. मध्यंतरात मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो.

तो मध्यंतरानंतर साधारण वीस मिनिटांनी आला. गावच्या देवळातला गुरव. नायक त्याला बंद घराबद्दल विचारतो आणि तो पाच वाक्यांत सांगतो की त्या घरात काय झालं. पाचच वाक्यं. दीड मिनिट असेल.

तो वाईट होता. हे लिहायला नको वाटतं, पण वाईट होता. त्याने आवाज असा लावला की कामगार स्पर्धेच्या नाट्यगृहात बाल्कनीच्या मागच्या भिंतीवर आदळला पाहिजे. मानेची शीर फुगली. कॅमेरा त्याच्यापासून दोन हातांवर होता आणि त्याला ते ठाऊक नसावं असं वाटत होतं. ‘त्या घरात दिवा लावू नका’ या वाक्याला त्याने बोट उंचावलं. मागच्या रांगेतल्या मुलीला हसू आलं.

आणि मला, देव मला क्षमा करो, आधी बरं वाटलं. न बघता फेकलेला दगड बरोबर जागी लागला होता. माझं लिहिलेलं खोटं नव्हतं, असं क्षणभर वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली. दगड लागला म्हणून बघून फेकला होता असं होत नाही.

घरी आलो तेव्हा तो गॅलरीत पाटावर बसून वहिनीला भिजवलेले वाल सोलून देत होता. त्याची दुसरी पाळी होती. मी समोर कठड्याला टेकलो.

“बघून आलो,” मी म्हणालो.

“परत?”

“तू चांगलं केलंस रे.”

त्याने एक वाल सोलला, साल डाव्या हाताला टाकली. “फळ्यावर वेगळं लिहिलंयस.”

तेव्हा सांगितलं. पहिल्यांदा मध्यंतरात उठलो होतो, उत्तरार्ध पाहिलाच नव्हता, लोक हसत होते म्हणून पुढची ओळ लिहिली. तो हात थांबवून ऐकत होता. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

“तीन दिवस मी डोकं खातोय,” तो म्हणाला. “याला माझं काय खटकलं असेल. बोट वर केलं ते? का उभं राहायचं चुकलं? रात्री उठून आरशासमोर उभा राहिलो मेल्या, ही म्हणाली भूत शिरलं की काय. आणि तू बघितलंच नव्हतंस.”

आतून वहिनी म्हणाली, “आता बघितलंय ना. आता विचारा.”

त्याने वालांचं भांडं बाजूला सरकवलं. मी सगळं सांगितलं. आवाज फार मोठा. बोट नको होतं. कॅमेरा जवळ होता, त्याला कुजबुजही ऐकू गेली असती. तू प्रेक्षागृहाशी बोललास, समोरच्या पोराशी बोलला नाहीस. तो मान हलवत गेला, जणू मी एखाद्या गाडीतला बिघाड सांगत होतो.

“पहिल्यांदा मी हळूच बोललो होतो,” तो म्हणाला. “दिग्दर्शक म्हणाला, काका, जान टाका जरा.”

माझ्या तोंडात त्या दिग्दर्शकासाठी शब्द तयार होते. वर्षभराची सगळी तुच्छता त्या एका पोरावर ओतायला मला फार आवडलं असतं. त्याने ओलाच हात वर केला. “त्याला काय बोलू नको. पन्नाशीत मला कुणी बोलावलं? त्याने बोलावलं.”

मी खाली गेलो. फळा तसाच होता. ‘भूत शहाणं आहे’ हे ठेवलं, कारण ते मी पाहिलेलं होतं. पुढची ओळ पुसली आणि लिहिलं: ‘हा सिनेमा मी मध्यंतरात सोडला होता आणि न पाहिलेल्या भागावर मत दिलं. ते खोटं होतं. आज पूर्ण पाहिला.’ मग खडू घेऊन उभा राहिलो. तो मागून येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला होता.

“पुढे लिही.”

“काय लिहू?”

“आता वर सांगितलंस ते.”

मी लिहिलं की उत्तरार्धात गुरवाचं काम करणाऱ्या नटाने आवाज फार मोठा लावला. त्याने वाचलं.

“नाव घाल,” तो म्हणाला.

मी मागे वळून बघितलं. तो गंमत करत नव्हता. मी त्याचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि पुढे कंसात मजला आणि खोली.

तासाभरात त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. तळमजल्यावरच्या काकी पेढे घेऊन आल्या, मंडळाच्या पोरांनी त्याच्याबरोबर फोटो काढले, सिनेमात काम केलंस आणि सांगितलं नाहीस म्हणून त्याला चार जणांनी झापलं. आवाज मोठा की लहान, हे कुणी विचारलं नाही. माझी कबुलीही कुणी फारशी मनावर घेतली नाही, फक्त तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आता मी कोणत्याही सिनेमाचं नाव काढलं की विचारतात, पूर्ण पाहिलात का? विचारू देत.

रविवारी सगळ्या चाळीने मिळून जायचं ठरलं. शुक्रवारी सिनेमा उतरला. त्याच्या जागी दाढीवाला आला.

म्हणजे त्या नवरा-बायकोखेरीज आख्ख्या चाळीत त्याचं काम पाहिलेला मी एकटाच. लोक मलाच विचारतात, कसा होता रे तो? पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता, कामावर निघालेला, डबा हातात. मी पाचही वाक्यं सांगितली, कुठे उभा होता, धोतर कसं नेसला होता, घंटेची दोरी कशी धरली होती. आणि आवाज मोठा लावला, तेही सांगितलं.

“हळू बोलायला पाहिजे होतं,” तो त्या माणसाला म्हणाला आणि जिना उतरून गेला.