राजमाता, आई आणि माझी दोन मिनिटं

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. बीएस्सी, फर्स्ट क्लास. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तरी हे वाक्य मी अजून कुठेही घुसवते. हिमालयातल्या एका छोट्या बौद्ध देशाच्या राजमाता आमच्या विहाराच्या कार्यक्रमाला येणार म्हटल्यावर त्यांची ओळख करून द्यायचं काम मी मागूनच घेतलं.

“दोन मिनिटं,” कमिटीचे काका म्हणाले. “आणि आईंना सांगून ठेव. रांगेत नुसते हात जोडायचे. प्रश्न नाहीत.”

आई व्हिजिटर व्हिसावर आली होती. आठवीनंतर शाळा सुटलेली. गावाकडे आशा कार्यकर्ती म्हणून पाड्यापाड्यांवर जाऊन बायकांच्या तब्येती बघणारी. माझ्या पदवीदानाला ती नव्हती. नेमक्या त्या दिवशी कुणाला तरी कळा सुरू झाल्या. निदान आता तरी तिने मला स्टेजवर बघावं, एवढंच मला हवं होतं.

पंधरा दिवस किचनमध्ये तालीम चालली. एकेक इंग्रजी वाक्य म्हणायचं आणि तिला मराठीत सांगायचं. राजमाता डोंगरातल्या गावांना चालत जातात. बायकांबरोबर जमिनीवर बसतात. ज्या दुखण्यांबद्दल बाया गप्प बसतात, त्यावर त्या बोलतात.

“चालत? राणी असून?” भाकरी थापता थापता आई थांबली. “पाय सुजत असतील गं तिचे.”

कार्यक्रमाच्या दिवशी माझ्या पांढऱ्या साडीला माइक लावला. राजमाता रांगेसमोरून हात जोडत आल्या. आई “जय भीम” म्हणाली आणि सरळ त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं.

“मोजे दोन घालता ना? आत पातळ, वर जाड? फोड येत नाहीत.”

काकांनी डोळेच मिटले. राजमाता माझ्याकडे बघत होत्या. केलं भाषांतर, काय करणार! आईही हेच काम करते, असं पुढे जोडून दिलं.

“दोनच घालते,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “पण मला सांगा, सासू शेजारी बसलेली असली तर सून तुमच्याशी बोलते कशी?”

“आधी सासूचे गुडघे विचारायचे. ती बोलून मोकळी झाली की म्हणायचं, जरा चहा ठेवता का? ती आत गेली, की सून बोलते.”

“दुखऱ्या गुडघ्यांनी उठते?”

“पळत जाते! घरात कुणी तिचे गुडघे विचारलेलेच नसतात.”

माइक चालू होता. सासूचे गुडघे माझ्या आवाजात हॉलभर घुमले आणि सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या आमच्या विहारातल्या सासवाच. राजमातांनी सेक्रेटरीला वही काढायला लावली. दोघी एकमेकींचे हात धरून बोलतायत, मध्ये मी धापा टाकत भाषांतर करतेय. शेवटी काका म्हणाले, “आता थेट जेवण.” माझं भाषण कापलं.

घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर मी तोंड फुगवून बसले.

“म्हण की आता,” आई म्हणाली.

“इथे?”

“उभी राहून म्हण. पदवीच्या वेळी मी नव्हते. आज आहे ना?”

दांडा धरला आणि सुरू केलं, “युवर मॅजेस्टी...” आईने पदर सारखा केला, मान हलवली, अगदी राजमातेसारखी. बस वळली तशी मी सीटवर आदळले, उठले, पुढचं वाक्य म्हटलं. मागच्या गोऱ्या आजींनी विचारलं, “मॅजेस्टी कोण?” मी आईकडे बोट दाखवलं. आजी उठून वाकल्या, आणि अख्ख्या मजल्याने टाळ्या वाजवल्या.

आमचा स्टॉप मागेच राहिला. दोन स्टॉप उलटं चालत आलो. आईने मोजे दोन घातले होते. माझ्या पायात नवे सँडल.