जिनेवाले आणि बद्द वाजलेली पायरी

जिनेवाल्यांशी माझी ओळख झाली ती मी राणी झाले होते त्या नाटकातल्या एका महालामुळे. महालाला गोल जिना हवा होता आणि असा जिना भाड्याने देणारा गावात हा एकच भला माणूस. पाडायला काढलेल्या जुन्या प्रार्थनामंदिरांतले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जिने ते पायरी पायरीने सोडवून आणत, घासूनपुसून त्यांना नवं घर मिळवून देत.

"ताई, राणीसारख्या उतरा," त्यांनी बजावलं होतं. "धापा टाकल्यात तर माझ्या जिन्याची अब्रू जाईल!"

बीड वाकत नाही, एकदम तुटतं. म्हणून प्रत्येक पायरी दोराला टांगून ते हातोडीने हलकेच ठोकत. खणखणली तर शाबूत. बद्द वाजली तर रंगाखाली तडा. त्यांची बायको, आमच्या वहिनी, समोर बसून होकाराची नाहीतर नकाराची मान हलवत, मगच ते खडूने खूण करत. लोक हसत, "बायकोला विचारल्याशिवाय खडूसुद्धा उचलत नाही!" खरं म्हणजे जिनेवाल्यांचे कान केव्हाच गेले होते; समोरच्याचे ओठ वाचून ते बोलणं निभावत. हे आम्हा तिघांनाच ठाऊक.

वहिनी गेल्या. पुढच्याच महिन्यात मुलांच्या वाचनालयासाठी एक जिना तपासायचा होता.

"बसा ताई, नुसती सोबत," ते म्हणाले.

एकेक पायरी वाजत होती, ते खडूने बरोबरची खूण करत होते. मधली एक बद्द वाजली. तिच्यावरही त्यांनी झोकात खूण केली. मी जन्मभर रंगमंचावर खोटं हसले, पण त्या दिवशी मला ते जमेना.

"चेहरा का पडला? बोला."

"ही बद्द वाजली, भाऊ."

"मला खणखणीत वाटली हो." ते थांबले. "आता सगळ्याच वाटतात."

"मी येत जाईन ना ऐकायला."

"तुम्ही मला वाईट वाटेल म्हणून थांबलात. ती कधी थांबली नाही."

त्यांनी वाचनालयाच्या बाईंना फोन लावला. "जिना दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मला ऐकू येत नाही." एवढं मोठ्याने ते कधी बोलले नव्हते. मग फोन माझ्या हाती देत विचारलं, "काय म्हणतात?"

"दुसरं आहे कोण, असं विचारतायत," मी लगेच सांगितलं.

ते फडकं घेऊन पायऱ्यांवरच्या खुणा पुसू लागले, शाबूत पायऱ्यांवरच्यासुद्धा.