कापशीची येळवस

येळवशीच्या आदल्या आठवड्यात लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या शेतात मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि किंचाळलेच. बांधावरच्या बाभळीत कापशी घारीचं घरटं, आणि त्यातून कापसाच्या बोंडांसारखी दोन डोकी वर येत होती! कापशी म्हणजे पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि धाडकन उंदरावर पडते. इतकी वर्षं तिला तारेवर बसलेली पाहत आले, पण पिल्लं पहिल्यांदाच दिसत होती. मी बांधावर एकटीच नाचले.

मग लक्षात आलं, ही तर आमची पांडवांची बाभळ.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, आमच्याकडे लातूर ओस पडतं आणि सगळं गणगोत शेतात जमतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव, मांडायचे, पूजा करायची आणि भाज्या-डाळींच्या भज्जीवर, ताकातल्या आंबिलीवर ताव मारायचा. आमची कोप पिढ्यान्‌पिढ्या त्याच बाभळीखाली होते. एवढ्या पाहुण्यांच्या गलक्यात आई घरट्यावर येणार कशी? आणि ती नसली तर ऊन नाहीतर कावळे, कुणीतरी पिल्लांचा जीव घेणारच.

मी सासूबाईंना गाठलं. त्यांना मी आत्या म्हणते.

"आत्या, यंदा कोप आंब्याखाली करू."

"माझ्या सासूच्या सासूनं मांडलेले पांडव हायत ते. हलायचे न्हाईत."

मी समजावलं, चिडले, रुसले. बारा वर्षं वनवास केला त्यांनी, आता आंब्यापर्यंत जायला पाय दुखतात का, असंही बोलून गेले. आत्या ढिम्म.

येळवशीला व्हायचं तेच झालं. माणसं जमली तशी मादी उडाली आणि विजेच्या तारेवर बसून ओरडायला लागली. माझा एक डोळा पूजेवर, एक घरट्यावर. आरती झाली, रानात आंबील शिंपडून झाली, पंगत बसायला लागली आणि बाभळीच्या शेंड्यावर कावळा उतरला. एक फांदी खाली आला. मग आणखी एक फांदी. मी भर पंगतीत ओरडले, "आत्या, खाऊन टाकील तो लेकरांना!"

आत्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. घरट्याच्या काठावर दोन चोची उघड्या होत्या.

"पांडव हलायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "माणसं हलतील की. उचला पत्रावळ्या!"

भज्जीचं पातेलं त्यांनी स्वतः धरलं. पाहुणे, पोरंटोरं, आंबिलीची घागर, चटया, सगळी वरात हरभऱ्याच्या कडेनं आंब्याकडे निघाली. आम्ही निम्म्या वाटेत असतानाच कुठूनसा नर आला आणि कावळ्यावर असा तुटून पडला, की कावळ्यानं थेट मुरुडची वाट धरली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी तर चपला हातात घेऊन पळत होते, का ते मलाही ठाऊक नाही.

पण मादी तारेवरच. आंब्याखाली पंगत बसली आणि आत्या वाढेचनात. आमच्या घरात लेकुरवाळीला आधी वाढतात, हे मला माहीत होतं. त्यात घारही धरतात, हे त्या दिवशी कळलं.

"लेकुरवाळी उपाशी बसलीय, आन्‌ आपण घास घ्यायचा व्हय? थांबा जरा."

नाकाशी भज्जीचा वास, आणि सगळ्यांच्या माना वर. दुर्बीण हातोहात फिरायला लागली. सासरे पुटपुटले, "ये बाई, ये लवकर. हिकडं पोटात कावळे ओरडायलेत."

नर पुन्हा आला. पंजात उंदीर! मादी तारेवरून उठली, त्याच्या पंजातून हवेतच उंदीर घेतला आणि सरळ घरट्यात.

"गेली! गेली!" मी उड्या मारत होते. आत्यांनी माझ्या हातून दुर्बीण हिसकून घेतली. आधी उलटी धरली, मग सुलटी. दुर्बिणीत मादी उंदराचे बारीक बारीक तुकडे करून भरवत होती.

"एकेकाला घास द्यायलीय गं," त्या हळूच म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, आणि मग वळून पंगतीवर ओरडल्या,

"लेकरं जेवायलीत! वाढा आता!"